फायरवॉलमधून कोणते अ‍ॅप जाऊ द्यायचे: सांगलीच्या अडत पेढीचे उदाहरण घेऊन सविस्तर मार्गदर्शन

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या मध्यम अडत पेढीत सकाळी दहाच्या सुमारास गेले, तर एका टेबलावर हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाची बिले, तयार होत असतात, दुसऱ्यावर ई-वे बिल निघत असते, तिसऱ्यावर शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे पाठवण्यासाठी बँकेचे संकेतस्थळ उघडलेले असते, आतल्या खोलीत बेदाण्याच्या शीतगृहाचे तापमान पडद्यावर दिसत असते आणि वरच्या फळीवर सीसीटीव्हीचा रेकॉर्डर चालू असतो. या सर्वांची इंटरनेटकडे जाण्याची वाट एकच असते. त्याच वाटेने हमालांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ जातात, पाहुण्यांचे वायफाय जाते आणि कोणीतरी दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी बसवलेले व नंतर विसरलेले रिमोटचे अ‍ॅपही जाते. या वाटेवरची ये-जा तपासणाऱ्या यंत्राला किंवा सॉफ्टवेअरला फायरवॉल म्हणतात. त्याने कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे, हे अ‍ॅपच्या ओळखीवरून ठरवण्याच्या पद्धतीला अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल म्हणतात. ती नीट कशी बसवावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

पूर्वी हे काम पोर्टच्या, म्हणजे प्रत्येक सेवेला ठरवून दिलेल्या दाराच्या, क्रमांकावर भागत असे. मेल पाठवायची तर २५, नावाचा पत्ता शोधायचा तर ५३, साधे संकेतस्थळ ८० आणि सुरक्षित संकेतस्थळ ४४३, असा हिशेब होता आणि नको असलेला पोर्ट बंद केला की ते काम थांबत असे. आज जीएसटीचे पोर्टल, बँक, व्हिडिओ, फाइल साठवण्याच्या सेवा, चॅट आणि रिमोटची बहुतेक साधने ४४३ वरूनच चालतात. त्यामुळे ४४३ उघडा ठेवला तर जवळजवळ सगळेच उघडे राहते आणि तो बंद केला तर पेढीच बंद पडते. पोर्टवरून मिळणारे उत्तर अपुरे असल्यामुळे फायरवॉलला आत डोकावून ‘हे नेमके कोणते अ‍ॅप आहे’ हे विचारावे लागते.

एक मत सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो, कारण पुढच्या सर्व पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. बहुतेक ठिकाणी हे काम बंदीच्या यादीपासून सुरू होते. मालक सांगतात की व्हिडिओ बंद करा, सोशल मीडिया बंद करा, आणि फायरवॉल बसवणारा तेवढे करून निघून जातो. ही उलटी सुरुवात आहे. नको असलेल्या अ‍ॅपची यादी कधी संपत नाही आणि रोज वाढते, तर पेढीला लागणाऱ्या अ‍ॅपची यादी एका पानावर मावते. म्हणून आधी ते पान तयार करावे.

पहिली पायरी: कामाचे पान

प्रत्येक टेबलापाशी बसून तिथला माणूस दिवसभरात काय काय उघडतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावे आणि लिहून घ्यावे. काम कोणते, ते कोणत्या संगणकावर होते, कोणत्या अ‍ॅपमधून होते, महिन्यातल्या कोणत्या दिवसांत होते आणि ते अडले तर कोणाला फोन करायचा, एवढे पाच रकाने पुरतात. मालकांच्या केबिनमध्ये बसून ही यादी करू नये. पट्टी काढणाऱ्या ताईंना जे ठाऊक असते ते मालकांना बहुधा ठाऊक नसते.

कोणीच सांगत नाही, पण ज्यावाचून काही चालत नाही, अशा गोष्टीही या पानावर याव्यात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा, घड्याळ जुळवणारी एनटीपी सेवा जी यूडीपी या पद्धतीने १२३ पोर्टवर चालते, विंडोजचे अपडेट आणि अँटीव्हायरसचे अपडेट या त्यांपैकी प्रमुख. डिजिटल सहीचे टोकन वापरणारी उपयोजने आणखी वेगळी असतात: ब्राउझर त्याच संगणकावर चालणाऱ्या सहीच्या छोट्या प्रोग्रामशी बोलतो, त्यामुळे ती देवाणघेवाण मुख्य फायरवॉलपर्यंत येतच नाही. सही होत नसेल तर दोष बहुधा त्या संगणकावरच्या विंडोज फायरवॉलमध्ये किंवा अँटीव्हायरसमध्ये शोधावा लागतो. हे आधीच माहीत असले, तर जीएसटी भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी विनाकारण मुख्य फायरवॉलचे नियम सैल केले जात नाहीत.

दुसरी पायरी: जाळ्याचे वाफे पाडणे

एकाच सपाट जाळ्यात सगळी यंत्रे असतील, तर फायरवॉलला दिसतो तो फक्त बाहेर जाणारा ट्रॅफिक. आतल्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्यात वेगळी ठेवलेली उपजाळी, करून हिशेब विभाग, सौदा आणि पट्टीचे संगणक, सीसीटीव्ही, शीतगृहाचे कंट्रोलर आणि पाहुण्यांचे वायफाय असे निदान पाच भाग पाडावेत, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याची वाट फायरवॉलमधूनच ठेवावी.

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी ही पायरी बाकी सर्व पायऱ्यांपेक्षा महत्त्वाची आहे. तिथे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, यंत्रांना जोडलेले अनेक संगणक जुन्या विंडोजवर चालतात आणि यंत्र चालू आहे तोवर ते बदलता येत नाहीत. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी सुरक्षा-अपडेट, एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये संपला. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस फाइल शेअरिंगच्या ४४५ या पोर्टवरून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता, आणि सपाट जाळ्यात त्याला अडवणारे मध्ये कोणीच नव्हते. अशा संगणकांचा वेगळा भाग करून त्यांना इंटरनेट द्यायचेच नाही, आणि ड्रॉइंगच्या फाइल घेण्यासाठी एकाच सर्व्हरपर्यंत वाट ठेवायची, एवढे केले तरी मोठा धोका टळतो.

भाग पाडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. टॅलीचा परवाना एका संगणकावर असून वापर अनेकांवर होत असेल, तर परवान्याची विचारणा आतल्या आतच, साधारणतः ९९९९ या पोर्टवर होते. हिशेबाचे आणि पट्टीचे संगणक वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये गेले की ही विचारणा अडते आणि टॅली शैक्षणिक आवृत्तीत उघडू लागते. कामाच्या पानावर ही नोंद असेल तर तेवढा एक नियम आधीच लिहून ठेवता येतो.

तिसरी पायरी: फक्त पाहणे

आता अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल चालू करावे, पण काहीही न अडवता. बहुतेक फायरवॉलमध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी परवानगी, निरीक्षण आणि मनाई अशा कृती असतात. त्यांतील निरीक्षण सर्वांना लावून लॉग, म्हणजे ये-जा नोंदवणारी वही, साठवू द्यावा. हा काळ निदान एक पूर्ण महिन्याचा असावा, कारण महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरताना जी अ‍ॅप आणि संकेतस्थळे लागतात, ती इतर दिवशी दिसतच नाहीत. हळद-बेदाण्याच्या हंगामात हे काम सुरू करू नये, हे सांगलीत वेगळे सांगायला नको.

निरीक्षणाचा लॉग वाचणे हे या सबंध कामातले सर्वांत शिकवणारे काम आहे, आणि ते घाईने उरकू नये. एका पेढीत रात्री नऊनंतरचा लॉग पाहत असताना एकच ओळ दर मिनिटाला पुन्हापुन्हा येताना दिसली: शीतगृहाच्या खोलीतला एक पत्ता, बाहेरचा एक पत्ता, पोर्ट १८८३, अ‍ॅप एमक्यूटीटी (यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवण्याची पद्धत). तो तापमानाचा कंट्रोलर होता आणि मालकांच्या मोबाइलवरील अ‍ॅपला आकडे पाठवत होता, म्हणजे काम रास्तच होते. परंतु १८८३ हा एमक्यूटीटीचा उघडा पोर्ट आहे. त्यावरून सहसा पासवर्डसुद्धा न झाकता जातो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ८८८३ हा टीएलएसने, म्हणजे मजकूर गुप्त करणाऱ्या पद्धतीने, झाकलेला पर्याय उपलब्ध होता, तो निवडला आणि मग त्या कंट्रोलरला फक्त तेवढ्याच एका पत्त्याकडे, त्याच एका अ‍ॅपने जाण्याची परवानगी ठेवली. त्याच लॉगमध्ये सीसीटीव्हीचा रेकॉर्डरही मोबाइलवरून पाहण्याच्या सोयीसाठी सतत बाहेरच्या सर्व्हरशी जोडलेला आढळला, आणि ती सोय तिथे कोणीच वापरत नव्हते. ती रेकॉर्डरमध्येच बंद केली.

लॉगमध्ये ‘अनोळखी’ म्हणून दिसणाऱ्या ट्रॅफिकचा वेगळा कागद करावा. त्यातल्या प्रत्येक ओळीमागचे यंत्र शोधून काढल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये.

चौथी पायरी: फायरवॉल अ‍ॅप कसे ओळखते, हे समजून घेणे

ही ओळख जादूने होत नाही, आणि तिच्या मर्यादा ठाऊक नसतील तर नियम लिहिताना फसगत होते. माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते. पहिल्या पाकिटात फक्त पत्ते आणि पोर्ट असतात. त्यावरून अ‍ॅप कळत नाही. म्हणून फायरवॉल पहिली काही पाकिटे जाऊ देते, त्यांतली लकब आपल्याकडच्या सिग्नेचरशी (अ‍ॅप ओळखण्याच्या ठशांशी) ताडून पाहते आणि मग निर्णय देते. त्यामुळे मनाई असलेल्या अ‍ॅपचाही क्षणभराचा ट्रॅफिक लॉगमध्ये दिसतो. तो दोष नसून पद्धतीचा भाग आहे.

मजकूर टीएलएसने झाकलेला असला, तरी जोडणी सुरू करताना ब्राउझर कोणत्या नावाच्या सर्व्हरकडे जायचे आहे ते सहसा उघडपणे सांगतो. त्याला एसएनआय म्हणतात, आणि आजची बरीचशी ओळख त्यावरच चालते. जुन्या टीएलएसमध्ये सर्व्हरचे प्रमाणपत्रही उघडे दिसत असे. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ मध्ये ते झाकले गेले. आता एसएनआयसुद्धा झाकणारी ईसीएच ही पद्धत येत आहे. म्हणजे बाहेरून ओळखण्याची खूण हळूहळू कमी होत आहे, आणि म्हणूनच ‘नको ते ओळखून अडवा’ यापेक्षा ‘हवे ते ओळखून सोडा’ हा मार्ग टिकाऊ ठरतो.

दुसरी मर्यादा अशी की एक अ‍ॅप म्हणजे एक सर्व्हर नसतो. बँकेचे पान बँकेच्या सर्व्हरवरून येते, कॅप्चा दुसरीकडून, अक्षरांचे फॉन्ट तिसरीकडून आणि पेमेंटची खिडकी चौथीकडून. एका पेढीत नियम लावल्यावर तासाभरात पट्टीच्या टेबलावरून हाक आली, “दादा, बँकेचं पान अर्धंच उघडतंय, लॉगिनचं बटणच दिसत नाही.” बँकेला परवानगी दिलेली होती, कॅप्चा पुरवणाऱ्या सेवेला मात्र दिलेली नव्हती. अशा वेळी सगळा नियम उठवू नये. त्या संगणकाच्या पत्त्यावर लॉग गाळून शेवटच्या पाच मिनिटांत काय अडले ते पाहावे आणि तेवढेच सोडावे.

पाचवी पायरी: नियम लिहिणे

फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि जुळणारा पहिला नियम लावून थांबते. त्यामुळे नेमके नियम वर आणि ढोबळ नियम खाली असावेत. वर एखादा ‘सर्वांना सर्व’ असा जुना नियम राहिला, तर खालचे सगळे नियम असून नसल्यासारखे होतात. नवे काही लिहिण्याआधी तो शोधावा.

सुरुवातीला डीएनएस आणि घड्याळाचे नियम यावेत, तेही आपण ठरवलेल्या सर्व्हरपुरतेच. त्यानंतर विभागवार परवानग्या: हिशेब विभागाला जीएसटी, आयकर, बँका, मेल आणि अपडेट, सौद्याच्या टेबलांना ई-वे बिल, पट्टीचे सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सअ‍ॅप, कारण मालाचे फोटो आणि भावाची बोलणी आज त्यावरच होतात आणि ते काम नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. शीतगृहाच्या कंट्रोलरला त्याचा एकच पत्ता. पाहुण्यांच्या वायफायला साधे ब्राउझिंग, आतल्या कोणत्याही भागात प्रवेश नाही, आणि वेगाची मर्यादा. सर्वांत खाली, लॉगसह, उरलेल्या सर्वांना मनाई.

अ‍ॅपच्या नियमात पोर्ट मोकळा सोडू नये. ‘डीएनएसला परवानगी’ असे लिहून पोर्ट कोणताही चालेल असे ठेवले, तर भलत्या पोर्टवरून डीएनएसचे सोंग घेतलेला ट्रॅफिकही जातो. अ‍ॅप आणि त्याचा नेहमीचा पोर्ट, असे दोन्ही जुळले तरच सोडावे.

नियम इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या आयपीव्ही४ आणि नव्या आयपीव्ही६ या दोन्ही पद्धतींसाठी लिहावेत. फायबरच्या अनेक जोडण्यांवर आता आयपीव्ही६ आपोआप मिळते, आणि सगळे नियम फक्त जुन्या पत्त्यांवर लिहिले असतील तर फायरवॉल बसवूनही अर्धी वाट उघडी राहते. आयपीव्ही६ चे नियम लिहिणे जमत नसेल, तर ते जमेपर्यंत आतल्या जाळ्यात ते बंद ठेवावे.

सहावी पायरी: पळवाटा बुजवणे

पहिली पळवाट क्विक नावाच्या प्रोटोकॉलची. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेला हा प्रोटोकॉल टीसीपी या नेहमीच्या पद्धतीऐवजी यूडीपीवर ४४३ पोर्टने जातो, आणि सर्वच फायरवॉलना त्याच्या आत नीट पाहता येत नाही. कार्यालयाच्या भागांतून बाहेर जाणारा यूडीपी ४४३ बंद केला, तर ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतो आणि वापरणाऱ्याला सहसा फरक जाणवत नाही.

दुसरी पळवाट झाकलेल्या डीएनएसची. ८५३ पोर्टवर टीएलएसने जाणारे डीएनएस सहज अडवता येते. ४४३ वरून एचटीटीपीएसच्या आत जाणारे अडवण्यासाठी मात्र त्या सेवांच्या सिग्नेचर चालू कराव्या लागतात आणि शक्य तिथे ब्राउझरच्या सेटिंगमध्येच ते बंद करावे लागते. तिसरी पळवाट आपला खरा मार्ग झाकून जाणाऱ्या व्हीपीएन, प्रॉक्सी आणि टॉर या साधनांची. हा सगळा प्रकार एकाच वर्गात मिळतो आणि तो वर्गच बंद ठेवावा. कामासाठी खरेच व्हीपीएन लागत असेल तर त्या एकाला नावाने परवानगी द्यावी.

कर्मचाऱ्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट ही वाट मात्र फायरवॉलच्या हातात नाही. हिशेबाच्या संगणकांवर वायफाय बंद ठेवणे आणि यूएसबी टेदरिंगला विंडोजच्या धोरणातून मनाई करणे, एवढे करता येते. बाकी माणसांशी बोलूनच सुटते.

सातवी पायरी: रिमोटची साधने

हा विषय वेगळा काढला आहे, कारण पेढ्यांमध्ये सर्वांत मोठे भगदाड इथे असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, वजनकाट्याचा, सीसीटीव्हीचा आणि शीतगृहाचा असे चार दुरुस्तीवाले चार वेगवेगळी साधने बसवून जातात, कायमचा पासवर्ड ठेवतात आणि तो बदलत नाहीत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी साधने आपला नेहमीचा पोर्ट बंद मिळाला तर ८० किंवा ४४३ वरून जातात, म्हणून पोर्ट अडवून ती थांबत नाहीत. त्यांना अ‍ॅप म्हणूनच ओळखावे लागते.

रिमोटचा सबंध वर्ग बंद करावा, एक साधन निवडावे, आणि त्यासाठी एरवी बंद असलेला नियम तयार ठेवावा. दुरुस्तीवाल्याचा फोन आला की ठराविक संगणकापुरता तो नियम दोन तासांसाठी चालू करावा. वेळ संपली की आपोआप बंद होईल असे वेळापत्रक बहुतेक फायरवॉलमध्ये लावता येते. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट बाहेरून आत कधीही उघडू नये.

आठवी पायरी: झाकलेला मजकूर उघडायचा का

काही फायरवॉल टीएलएस उलगडून आतला मजकूर पाहू शकतात. त्यासाठी फायरवॉलचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवावे लागते. माझे मत असे की वीस संगणकांच्या पेढीने हे सरसकट करू नये. बँक आणि आरोग्याशी संबंधित संकेतस्थळे उलगडणे अयोग्य आहे, आणि मोबाइलवरील अनेक अ‍ॅप प्रमाणपत्र बदललेले दिसताच चालायचेच थांबतात. शिवाय उलगडण्याचे काम फायरवॉलवर मोठा भार टाकते. यंत्र विकत घेताना माहितीपत्रकात सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला वेग साध्या फायरवॉलचा असतो. अ‍ॅप कंट्रोल, व्हायरस तपासणी आणि टीएलएस उलगडणे चालू असतानाचा वेग खालच्या ओळींत असतो आणि तो बराच कमी असतो. खरेदी त्या खालच्या आकड्यावरून करावी. उलगडायचे ठरलेच, तर कर्मचाऱ्यांना तसे लेखी सांगूनच करावे.

महागडे यंत्र परवडत नसेल तर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स ही मुक्त फायरवॉल जुन्या संगणकावर दोन नेटवर्क कार्ड लावून चालवता येतात. अ‍ॅपची ओळख त्यांत जोड पॅकेजने मिळते. त्याच्या जोडीला विंडोज फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर प्रोग्रामच्या नावाने नियम लावता येतात. ती सोय प्रत्येक संगणकावर आधीच आहे.

नववी पायरी: चालू करणे आणि तपासणे

सौदे नसलेल्या दिवशी, ११ आणि २० तारखांपासून दूर, सध्याच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेऊन आणि फायरवॉलला थेट केबल जोडून सुरुवात करावी. सर्व विभाग एकाच वेळी बदलू नयेत. पाहुण्यांचे वायफाय पहिले, सीसीटीव्ही आणि शीतगृह दुसरे, सौद्याची टेबले तिसरी आणि हिशेब सर्वांत शेवटी. प्रत्येकामध्ये निदान तीन दिवसांचे अंतर.

तपासताना एक सापळा असतो. नियम बदलला तरी आधीपासून चालू असलेली जोडणी पुष्कळ फायरवॉलमध्ये तशीच चालू राहते, आणि मनाई लावूनही व्हिडिओ चालताना पाहून नियम चुकला असे वाटते. चालू जोडण्या (सेशन) साफ करून मग पाहावे. प्रत्येक नियमापुढचा मोजणीचा आकडा वाढतो का तेही पाहावे. महिनाभर शून्यावर राहिलेला नियम एक तर निरुपयोगी आहे किंवा वरच्या नियमाच्या सावलीत गेला आहे.

दहावी पायरी: सांभाळणे

सिग्नेचरचे वार्षिक शुल्क थकले की ओळख जुनी होत जाते आणि कोणाला कळतही नाही, म्हणून नूतनीकरणाची तारीख मालकांच्या डायरीत असावी. दिलेल्या प्रत्येक सवलतीला कारण, नाव आणि शेवटची तारीख असावी. सायबर सुरक्षेसाठीच्या सर्ट-इन या केंद्र सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात जपायचे आहेत, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. फायरवॉलची स्वतःची साठवण सहसा इतकी नसते. म्हणून लॉग वेगळ्या सर्व्हरवर पाठवावेत.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप प्रत्येक बदलानंतर घ्यावा आणि त्याची एक प्रत पेढीच्या इमारतीबाहेर ठेवावी. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या सखल भागांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या रॅकमध्ये ठेवलेली यंत्रे आणि त्याच कपाटातले पेन ड्राइव्ह यांत भेद उरला नाही. रॅक वरच्या मजल्यावर न्यावा, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर चढवून पेढी त्यावर अर्धा दिवस चालवून पाहावी.